हिवरपेठेची एकपानी माहिती

तालुक्याहून पत्र आलं तेव्हा मी चौथीला गुणाकार शिकवत होतो. पटावर एकतीस मुलं, वर्गात सात. बाकीची आईबापांबरोबर तिसगावच्या रस्त्याच्या खडीवर. सन त्र्याहत्तरचा जानेवारी चालू होता, पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता आणि हिवरपेठेत शाळेच्या हजेरीपेक्षा खडीचा मस्टर जास्त नियमित भरत होता.

पत्र सरपंचांच्या नावाचं, पण सरकारी मराठीचा अर्थ लावून घ्यायला ते माझ्याकडेच पाठवलं जायचं. मी कोष्ट्याचाच मुलगा, पण धोटा सोडून खडू धरलेला. त्यामुळे सहादेव मास्तरला जगातलं सगळं कळतं असा गावाचा समज होता. माझाही होता. त्या समजापायी गावाला काय भोगावं लागलं ते सांगायलाच मी बसलोय.

पत्रात असं होतं की ज्या गावी हातमाग विणकरांची पन्नासहून अधिक कुटुंबं आहेत, तिथं दुष्काळी कामावर खडी फोडायला लावण्याऐवजी त्यांना सरकारी सूत देऊन कापड विणून घेण्याचं केंद्र उघडता येईल. तरी गावाची माहिती एका पानात लिहून तयार ठेवावी. निरीक्षक पुढच्या बुधवारी समक्ष पाहणीला येतील.

संध्याकाळी पत्र घेऊन मी आक्काकडे गेलो. चांगुणाआक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर बारा वर्षं खड्ड्यातल्या मागावर बसून तिनं घर चालवलं, आणि लुगड्याचा काठ तिच्यासारखा पेठेत कुणाच्याच हातून उतरत नव्हता. गेले चार महिने तिच्या हातात हातोडा होता. मी गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसून बोटांना एरंडेल चोळत होती.

पत्र ऐकून ती हरखेल असं मला वाटलं होतं. तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"ह्ये बघ सहादू. बारीक सूत बोटाखालनं जाताना सांगतं, आता मी तुटनार म्हनून. लहानपनापास्नं ऐकत आले. परवा पेटीतली लडी काढून बघितली, तर काय बी ऐकू येईना. आनखी दोन म्हैनं खडी फोडली, तर मग सरकारनं सोन्याचं सूत दिलं तरी मी काय करू?"

"केंद्र आलं की खडी सुटंल आक्का."

"मग येऊ दे की. कसं आनायचं त्ये तू बघ. लिहायचं काम तुझं हाय."

लिहायचं काम! ते मला येत होतं. रात्रीचं जेवण होण्याआधीच मी पान भरून टाकलं. काय सुंदर उतरलं होतं! 'निजामशाहीच्या काळापासून वस्त्रोद्योगासाठी नावाजलेलं हिवरपेठ हे एके काळी सुबत्तेचं माहेरघर होतं. येथे चारशे माग होते. रंगाऱ्यांच्या अठरा भट्ट्या होत्या. येथली लुगडी वऱ्हाडापर्यंत जात होती. सन १९२० च्या सुमारास उभारलेला कापसाचा प्रेस परिसराचे भूषण होता.' खाली प्रेसच्या धुराड्याबद्दल चार ओळी होत्या, त्यांत तर मी चंद्रसुद्धा घातला होता.

सकाळी खडीवर निघायच्या आधी आक्काला वाचून दाखवलं. शेजारच्या मुबारकबी खालाही येऊन उंबऱ्यात बसल्या. रंगाऱ्यांच्या घरातल्या, सत्तरीच्या, आणि म्हणूनच मुकादमानं खडीवर न घेतलेल्या. दोघींनी शेवटपर्यंत ऐकलं. खालांनी डोळे पुसले. मला बरं वाटलं.

आक्का म्हणाली, "कोन मेलंय?"

"म्हंजे?"

"होतं, होता, होत्या. मानूस मेल्यावर दहाव्याला असं बोलत्यात. सायब हे वाचल, च्च च्च करल आनि जीपमदी बसून जाईल. मेलेल्याला सूत कोन देतं? खोड त्ये."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षांत माझ्या निबंधाला कुणी 'खोड' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, मग काय लिहू? प्रेस बंद पडून सतरा वर्षं झाली, धुराड्यात पोपट राहतात, रंगाच्या भट्ट्यांत शेळ्या बांधतात. हे लिहू?

"जे आज हाय त्ये लिही. दार दार फिर. किती माग खड्ड्यात उभं हायेत, कुनाच्या मागाची फणी शाबूत हाय, कुनाला काय इनता येतंय. 'होतं' हा शबुद एकदा बी नगं."

तीन दिवस मी फिरलो. मस्टरवरून माणसं परतायची त्या वेळेला, एकेका घरात वाकून. माझ्या जन्मगावाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं हे त्या तीन दिवसांत कळलं. गहिनीनाथच्या मागाच्या खड्ड्यात कडबा भरलेला, पण माग जागच्या जागी. छबूबाईच्या खड्ड्यात कोंबडी अंड्यावर बसलेली, तिला हलवायला छबूबाई तयार नाही, पण फणी तिनं कापडात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवलेली. कमरुद्दीनचाचा, म्हणजे खालांचे मालक, डोळ्यांनी जवळजवळ गेलेले, पण सूत हातात घेऊन त्याच्या जाडीचा नंबर बरोबर सांगत होते. मी चार लडी दिल्या, चारही वेळा बरोबर. प्रत्येक घरी मला आधी विचारत, "मास्तर, ह्ये खरं व्हनार ना?" आणि मी बेधडक हो म्हणत होतो.

नवीन पान कोरडं ठक्क झालं. 'हिवरपेठ. वस्ती चार हजार सहाशे. उभे माग त्रेसष्ट. विणू शकणाऱ्या व्यक्ती एकशे बारा, पैकी बायका एकावन्न. काठ विणणाऱ्या नऊ. सूत रंगवू शकणारे सात. ताणा काढण्याची साधनं बारा घरी. सध्या सूत नाही.' चंद्र गेला. आक्कानं ऐकलं आणि म्हणाली, "आता जित्तं झालं."

पण एक गोष्ट त्या पानावर नव्हती आणि ती माझ्या पोटात होती. ऑक्टोबरात दुष्काळी कामाची नावनोंदणी झाली तेव्हा तिसगावच्या बाजारात मी ऐकून आलो होतो की काम फक्त शेतमजुरांना मिळणार, कारागिरांना परत पाठवणार. कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, काही विचारलं नाही. पेठेत येऊन सगळ्यांना बजावलं: धंदा विचारला तर मजूर सांगा. लोकांनी माझं ऐकलं. याद्या भरायला मीच बसलो होतो. दोनशे अकरा नावं, विणकर आणि खरे मजूर सगळी सरमिसळ, आणि प्रत्येकापुढं माझ्या वळणदार अक्षरात 'मजूर'. ती बातमी खोटी निघाली. शेजारच्या गावच्या लोहार-सुतारांना खरा धंदा सांगूनसुद्धा काम मिळालं.

आक्काजवळ मी विषय काढला, तर ती म्हणाली, "त्याला काय, चुकलं तर खोडायचं." सरकारी यादीत खोटी माहिती भरणारा सरकारी नोकर नोकरीला मुकतो, हे तिला कुठं ठाऊक? निरीक्षक यादी बघणारच नाही, अशी मनाची समजूत घातली.

बुधवारी दहाच्या सुमाराला जीप आली. निरीक्षक पुण्याकडचे, पन्नाशीचे, बोलायला सभ्य. मी पान दिलं. त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"छान. सुटसुटीत आहे," ते म्हणाले. "पण मास्तर, माझ्याकडे तुमच्या गावची नोंदणीची यादी आहे. तिच्यात एकही विणकर नाही. सगळे मजूर."

मी घाईनं त्यांना पहिल्या घराकडं नेलं.

चार-पाच घरं त्यांनी पाहिली. कडबा पाहिला, कोंबडी पाहिली. "जुने माग तर कुठंही सापडतात. मला खड्डे दिसले, विणकर दिसले नाहीत. माणसं कुठं आहेत?"

"खडीवर," मी म्हणालो.

"मग ते मजूरच की."

आक्का त्या दिवशी खडीवर गेली नव्हती. ती आमच्या मागून चालत होती. आता पुढं आली. "सायेब, घटकाभर थांबा. पांजणी दावते."

पांजणी म्हणजे ताण्याला खळ पाजायची. पन्नास हात लांबीचे शेकडो धागे पेठेच्या रस्त्यावर काठ्यांच्या घोड्यांवर ताणायचे, दोन्ही बाजूंनी माणसं उभी करायची, खळ लावत, कुंचे फिरवत, तुटलेला धागा जागीच सांधत सगळ्यांनी एका चालीनं पुढं सरकायचं. एकदा खळ लागली की थांबता येत नाही. धागे एकमेकांना चिकटून वाळले तर अख्खा ताणा फुकट. तीस माणसं तरी लागतात, आणि पेठेत त्या वेळेला हात लावण्याजोगे आम्ही सहा होतो: आक्का, खाला, चाचा, दोन म्हाताऱ्या आणि मी. त्यातले चाचा आंधळे आणि मी मास्तर.

पण तिनं सगळं ठरवून ठेवलेलं. पेटीत सांभाळलेलं सूत, गणपतीत सोसायटीतून मिळालेलं शेवटचं, त्याचा तिनं आणि खालांनी दोन दिवस खपून ताणा काढला होता. खळीला पीठ म्हणून रेशनची लाल मिलो ज्वारी. पाणी टँकरचं, प्यायच्या वाट्यातलं.

"आक्का, मानसं?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं न्हाई कुनाला. कशाला सांगू? सायबाचा भरवसा न्हाई, अन् हजेरी बुडंल त्येंची." तिनं एक ओलं पांढरं फडकं माझ्या हातात दिलं. "वेशीवरच्या बांबूला बांध जा."

पेठेत रिवाज असा की ताणा रस्त्यावर आला की वेशीवर ओलं फडकं चढवायचं. गाडीवाल्यांनी बैल दुसरीकडून न्यायचे, आणि ज्या घरात हात रिकामे असतील त्या घरानं दोन हात पाठवायचे. मग तो ताणा कोष्ट्याचा असो की मोमिनाचा, भांडण असो की बोलणं बंद असो. आक्काचं आणि छबूबाईचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, पण एकमेकींची पांजणी दोघींनी कधी चुकवली नव्हती. ते फडकं चार महिन्यांत चढलं नव्हतं. खडीची जागा माळावर, अर्ध्या कोसावर. तिथून वेस दिसते.

मी बांबूवर फडकं चढवून परत आलो तोवर घोड्या उभ्या राहून ताणा ताणलेला होता. आक्कानं कुंचा बुडवला आणि पहिला हात फिरवला. आता माघार नव्हती. ऊन चढत होतं आणि आम्ही सहा जण त्या पन्नास हातांच्या पांढऱ्या पट्ट्याला कुठून पुरे पडणार? खळ लावून पाच हात पुढं सरकेपर्यंत मागचे धागे आखडायला लागले. निरीक्षक घड्याळ बघत होते. खाला वाकून एकेक धागा सोडवत होत्या आणि तोंडानं अल्लाचं नाव घेत होत्या. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात निरीक्षकांचा ड्रायव्हर ओरडला, "साहेब, मोर्चा!"

माळाच्या उतारावरून माणसं येत होती. बायका, पुरुष, हातात हातोडे, डोक्यावर घमेली, धुळीनं पांढरी झालेली, आणि पळत. त्या साली नगर जिल्ह्यात रोज कुठं ना कुठं मोर्चा निघायचा. निरीक्षक जीपच्या दिशेनं दोन पावलं सरकलेसुद्धा. त्यांना मी दोष देत नाही.

माणसं वेशीतून आत आली. कुणी काही विचारलं नाही, निरीक्षकाकडं तर कुणी पाहिलंही नाही. हातोडे भिंतीशी ठेवले, टँकरच्या टाकीतल्या तळच्या गढूळ पाण्यात हात खंगाळले आणि ताण्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. छबूबाई आक्काच्या बरोबर समोर. "कुंचा दे," एवढंच ती म्हणाली, आणि सहा वर्षांतलं ते पहिलं बोलणं होतं.

पण हात तेच राहिले नव्हते. गहिनीनाथनं पहिला हात फिरवला आणि त्याच्या तळव्याच्या भेगांत अडकून तीन धागे तटातट तुटले. पलीकडं दोन. छबूबाईच्या हाताखाली चार. चार महिन्यांपूर्वी ही माणसं डोळे मिटून पांजणी करायची. गहिनीनाथ हात मागं घेऊन उभाच राहिला, मोठा बाप्या माणूस, आणि त्याचा चेहरा बघवेना.

"बोटं लावू नका!" आक्का ओरडली. "मनगटानं दाबा. हाताच्या मागल्या अंगानं. खाला, तुमी अन् म्हाताऱ्या बाया फक्त सांधा. सहादू, तू पन सांध, तुझं हात मऊ हायेत."

झाला म्हणायचा त्या मऊ हातांचा काही उपयोग. पंचवीस वर्षांनी मी धागा सांधला. पहिला सुटला, दुसरा बसला. लोक मनगटानं, कोपरानं, पदराच्या ओल्या टोकानं खळ पाजत होते, आणि हळूहळू ती जुनी चाल आली: एक पाऊल, कुंचा वर, कुंचा खाली, एक पाऊल. ऐंशी माणसं, आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं. चाचा ताण्याच्या टोकाशी बसून तळहात धाग्यांवर अलगद ठेवून बोलत, "डावीकडनं चौथा पट्टा ओला हाय," आणि तो असायचाच. तासाभरानं ताणा वाळला. मिलोमुळे जरासा तांबूस, शंभरावर गाठींचा, पण अख्खा.

निरीक्षकांनी टोपी काढून हातात धरली होती. ती कधी काढली, त्यांनाही ठाऊक नसावं.

"ही माणसं विणकर आहेत हे मला आता कुणी सांगायला नको," ते म्हणाले. मग पारावर बसून त्यांनी ती यादी उघडली. "पण कागद उलटं सांगतोय. दोनशे अकरा नावं. मजूर, मजूर, मजूर. हे कुणी लिहिलं?"

ऐंशी माणसांतल्या एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. कुणी ताणा गुंडाळू लागलं, कुणी घमेलं पुसू लागलं.

"आमीच सांगितलं तसं, सायब," कमरुद्दीनचाचा म्हणाले. "आमी अडानी."

ते ऐकून मला माझीच चीड आली. ज्याला सुताचा नंबर हाताला कळतो तो अडाणी, आणि मी शहाणा! तोंड बंद ठेवलं असतं तर निभावलं असतं. घरात म्हातारी आई होती, तीन पोरी होत्या, नोकरी एवढीच काय ती पुंजी.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "ऐकीव गोष्टीवर विसंबून मीच त्यांना तसं सांगायला लावलं. चूक माझी आहे."

"मास्तर, तुम्ही सरकारी नोकर आहात. हे लेखी द्यावं लागेल. चौकशी लागेल."

"देतो." आणि दिलं. एकपानी माहितीच्या पाठीमागची बाजू कोरी होती, तिच्यावर लिहिलं. चौकशी पुढं लागली आणि माझी बदली जामखेडपलीकडच्या एका वाडीत झाली. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल.

निरीक्षक म्हणाले, "यादी दुरुस्त करायची तर प्रत्येक विणकरानं जुन्या अंगठ्याशेजारी नवा अंगठा द्यायचा. आणि नीट ऐका. विणकर म्हणून नाव लागलं की उद्यापासून खडीवर नाव नाही. सूत यायला महिना लागेल, जास्तही लागेल. तोवर खायला फक्त सरकारी सुकडी मिळेल. ज्याला नको असेल त्यानं आत्ताच सांगा."

रांग लागली. पहिली आक्का.

मी शाईची उशी पुढं केली. आक्कानं अंगठा टेकवला, कागदावर दाबला, उचलला. नुसता काळा डाग.

"शाई जास्त झाली," निरीक्षक म्हणाले. "पुसून पुन्हा."

पुन्हा डाग. शेजारी ऑक्टोबरातला तिचा अंगठा, बारीक बारीक रेघांचा, गोल गोल फिरत गेलेला, एकेक रेघ मोजावी असा. आणि त्याच्या बाजूला हा डाग. निरीक्षकांनी तिसऱ्यांदा करून पाहिलं. मग छबूबाईचा घेतला. मग गहिनीनाथचा. तिन्ही जागी तेच, रेघ म्हणून नाही. खडीनं घासून सगळी सपाट केलेली.

"अडचण आहे," निरीक्षक हळू आवाजात म्हणाले. त्यांनी पान मागं उलटलं, पुढं उलटलं. "अंगठे जुळत नाहीत. ही तीच माणसं, असं मी कशावरून लिहू?"

आक्का अजून तिथंच उभी होती, शाईचा अंगठा पदराला न पुसता.

"जुळंल कसा सायेब?" ती म्हणाली. "त्यो सूत धरनारा अंगठा हाय. ह्यो खडीचा. दोन म्हैनं आमास्नी सूत द्या, अन् मग येऊन जुळवून बघा. न्हाई जुळला तर खुशाल खोडा."

निरीक्षकांनी त्या दोन अंगठ्यांवर पुन्हा एकदा नजर टाकली. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तिच्या नावापुढचं 'मजूर' खोडलं, 'विणकर' लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'ओळख पटली.' आणि पुढचं नाव वाचलं.